कॅनोलातली वांझ झाडे, फुगीर शेंगा आणि हिरवे दाणे: दोष बियाण्याचा की शेताचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनोलाचा (मोहरीच्या कुळातल्या तेलबियांच्या पिकाचा) फुलोरा सरला, बाकीचे पीक शेंगांनी वाकले, पण मधूनच काही झाडे उंच, हिरवीगार आणि अजून फुलतच आहेत. त्यांना शेंगा नाहीत. काही झाडांवर शेंगांच्या जागी फुगे लटकलेत. त्यातच शेजारच्या तुकड्याच्या मळणीत हिरवे दाणे निघाले. बियाणे भेसळीचे लागले का, आणि लागले असेल तर ते सिद्ध कसे करायचे?

आधी सरळ उत्तर. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वांझ झाडांमागे बियाणे असू शकते, पण दर वेळी नसते. फुग्यांमागे बहुधा फायटोप्लाझ्माचा, म्हणजे जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवाचा, रोग असतो आणि तो पेरलेल्या बियाण्यातून आलेला नसतो. हिरवे दाणे हा शेवटच्या पंधरवड्यातला, हवामानाचा आणि कापणीच्या वेळेचा मामला. वाणाच्या शुद्धतेशी त्याचा सहसा संबंध नाही. तिन्ही एकाच हंगामात दिसले म्हणून एकाच पिशवीवर खापर फोडले, की खरे कारण हातचे निसटते.

झाड उपटण्याआधी शेत पाहा

विचित्र झाड दिसले की पहिला मोह ते उपटून फोटो काढण्याचा होतो. पण निम्मे निदान त्या झाडात नसते, ती झाडे शेतात कशी पसरली आहेत यात असते. म्हणून आधी शेताच्या दोन कर्णांवरून चाला आणि साध्या नकाशावर खुणा करा.

झाडे एकेकटी, कुठलाही नेम नसल्यासारखी विखुरलेली असतील, तर कारण जनुकीय, भेसळीचे किंवा किडीने पसरवलेल्या रोगाचे. पेरणीच्या ओळी सोडून दोन ओळींच्या मध्ये असतील, तर ती मागच्या हंगामात सांडलेल्या दाण्यांतून आपसूक उगवलेली. ठरावीक ओळीच बिघडल्या असतील आणि तोच क्रम यंत्राच्या रुंदीगणिक पुन्हा येत असेल, तर पेरणी यंत्राची एखादी नळी तुंबली आहे किंवा एखादा फाळ खोल चालला आहे. फवारणीच्या बूमएवढा (नोझल बसवलेल्या आडव्या दांड्याएवढा) पट्टा, वळणाच्या जागी दुहेरी फवारा पडलेली त्रिकोणी जागा, किंवा टाकी भरल्यावर सुरुवातीला जास्त आणि पुढे ओसरत गेलेले नुकसान दिसले, तर तणनाशक. सखल भागात पाणी, उंचवट्यावर वाळूसर जमीन, धुऱ्यालगतच्या काही मीटरांत कीड किंवा शेजारून उडून आलेले औषध.

बियाण्याचा दोष ओळखायची सगळ्यात भक्कम खूण एकच: पेरणी करताना लॉट (एकाच क्रमांकाची बियाण्याची खेप) बदलला तिथे शेतात रेषा दिसते. रेषेच्या एका बाजूला विकृत झाडे आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, जमीन, तारीख, फवारणी सगळे सारखे, तर बियाण्याकडे बोट दाखवायला जागा आहे. म्हणूनच पेरताना कोणता लॉट कुठून कुठपर्यंत गेला हे लिहून ठेवणे फार मोलाचे. ही नोंद नसेल तर बाकी सगळे पुरावे लंगडे पडतात.

मग मोजणी. विकृत झाडे डोळ्यांत भरतात म्हणून ती आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त वाटतात. १० मीटर लांब आणि १ मीटर रुंद असे दहा पट्टे शेतभर घ्या, म्हणजे १०० चौरस मीटर झाले. प्रत्येक पट्ट्यातली विकृत झाडे मोजा. एकूण दाटी मोजायला ५६ सेंटिमीटर व्यासाचे कडे वापरा. त्यात पाव चौरस मीटर जमीन येते, आतली झाडे मोजून चारने गुणा. समजा दर चौरस मीटरला ६० झाडे निघाली आणि शंभर चौरस मीटरमध्ये ९ वांझ, तर ६,००० मध्ये ९, म्हणजे ०.१५ टक्के. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मात्र तेच शेत ‘वांझ झाडांनी भरलेले’ वाटते.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ३०० झाडे तपासून एकही विकृत सापडले नाही, तर विकृतीचे प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते, ०.१ टक्क्याबद्दल तेवढ्याच खात्रीने बोलायचे तर ३,००० झाडे पाहावी लागतात. वीस-तीस झाडे पाहून ‘भेसळ नाही’ किंवा ‘भेसळ आहे’ असे कुणी सांगत असेल तर ते सोडून द्या.

उंच, हिरवी, शेंगा न धरणारी झाडे

या गटात वरून सारखी दिसणारी निदान चार प्रकारची झाडे असतात. त्यांना वेगळे करायला फूल उघडून पाहावे लागते, म्हणून फुलोरा पूर्ण संपण्याआधीच तपासा.

पहिला प्रकार अर्धगुणित झाडांचा. कॅनोलाची मुख्य जात ब्रासिका नेपस. तिच्यात ब्रासिका रापाची २० आणि ब्रासिका ओलेरेसियाची १८ अशी मिळून ३८ गुणसूत्रे असतात. कधीकधी बी तयार होताना नर आणि मादी पेशींचा संयोग नीट होत नाही आणि १९ गुणसूत्रांचेच रोप जन्माला येते. त्याच्या गुणसूत्रांना जोडीदार नसतात, त्यामुळे पराग आणि बीजांड दोन्ही निकामी. फुले लहान, पाकळ्या अरुंद, परागकोश सुकलेले, पाने नेहमीपेक्षा अरुंद आणि पातळ. फूल गळते, मागे फक्त दोऱ्यासारखा देठ राहतो. शेंगा भरण्याचा भार नसल्याने झाड साखर खोडात साठवते, नव्या फांद्या काढते, फुलत राहते आणि बाकीचे पीक पिवळे पडले तरी हिरवे राहते. अशी झाडे उत्तम, प्रमाणित बियाण्यातही हजारात एखाद-दुसरे निघतात. ही भेसळ नव्हे. कॅनोलाच्या स्वभावातच ते आहे. खात्री करायची असेल तर प्रयोगशाळेत पानाच्या पेशींतील डीएनएचे मोजमाप करतात, ते निम्मे भरते. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही पानाच्या खालच्या सालीवरची पर्णरंध्रे शेजारच्या निरोगी झाडापेक्षा लहान दिसतात आणि रक्षक पेशींतले हरितकण कमी भरतात.

दुसरा प्रकार नरवंध्य झाडांचा, आणि खरा बियाण्याचा प्रश्न इथे आहे. संकरित कॅनोलाचे बी नरवंध्य मादी वाणावर तयार करतात. ओगुरा पद्धतीत नरवंध्यतेचे गुण मादीच्या पेशीद्रवातून येतात आणि पिल्लात प्रजनन परत आणणारे जनुक नर वाणातून येते. मादीच्या ओळींवर नियोजित नराऐवजी बाहेरचा, हे जनुक नसलेला पराग पडला, किंवा मादी वाण टिकवण्यासाठी लागणाऱ्या तिसऱ्या वाणाची भेसळ झाली, की त्या दाण्यातून नरवंध्य झाड उगवते. अर्धगुणिताशी तुलना करताना एकच गोष्ट तपासा: नरवंध्य झाडाची मादी बाजू शाबूत असते. पुंकेसर आखूड आणि परागकोश रिकामे असले तरी स्त्रीकेसर ठणठणीत असते, त्यामुळे वाऱ्याने-मधमाश्यांनी शेजारचा पराग आला की शेंगा धरतात. त्या विरळ, वेड्यावाकड्या अंतरावर, काही भरलेल्या तर काही दोन-तीन दाण्यांच्या असतात, पण असतात. संशय असेल तर एका फांदीच्या उमललेल्या फुलांवर शेजारच्या निरोगी झाडाचा पराग हाताने चोळा आणि फांदीला दोरा बांधा. आठ-दहा दिवसांत शेंग वाढू लागली तर झाड नरवंध्य. काहीच नाही तर अर्धगुणित किंवा तसलेच काही. खर्च शून्य, उत्तर बऱ्यापैकी पक्के.

तिसरा प्रकार घरच्या बियाण्याचा. संकरित पिकाचे दाणे ठेवून पुढच्या वर्षी पेरले तर ओगुरा संकरात पुढची पिढी साधारण तीनास एक फुटते: तीन फलनक्षम, एक नरवंध्य. म्हणजे जवळपास पाव शेत पराग न देणारे. शिवाय उंची, फुलण्याची वेळ, पक्वता सगळेच विस्कळीत. एखाद्या शेतात नरवंध्य झाडे हजारात नव्हे तर शंभरात वीस-पंचवीस निघत असतील, तर पिशवीत संकरित बियाणे होते की त्याची पुढची पिढी, हाच प्रश्न आधी विचारा. मागच्या पिकातून सांडून उगवलेली झाडेही याच पिढीची असतात, हे विसरू नका. मळणीत सांडणाऱ्या दाण्यांचे प्रमाण मोठे आहे: कॅनडाच्या पश्चिम भागातल्या मोजणीत सरासरी उत्पन्नाच्या सहा टक्क्यांच्या जवळपास दाणे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३,००० बिया, जमिनीवर पडलेले आढळले होते. त्यातल्या काही दुय्यम सुप्तावस्थेत, म्हणजे जिवंत असूनही न उगवण्याच्या अवस्थेत, जाऊन अनेक वर्षे जमिनीत राहतात. त्या शेतात आधी कॅनोला झाला असेल तर पेरलेल्या पिशवीवर आरोप करण्याआधी ओळींच्या आतली आणि बाहेरची विकृत झाडे वेगवेगळी मोजा. तणनाशकाची सहनशक्तीही इथे खूप सांगून जाते. सहनशील वाण पेरला आणि नेमलेले तणनाशक फवारल्यावर काही झाडे मेली, तर ती परकी होती. न मेलेली पण वेगळी दिसणारी झाडे जुन्या पिकातून तोच गुण घेऊन आलेली असू शकतात. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात आपसूक उगवलेल्या कॅनोलामध्ये ग्लायफोसेट, ग्लुफोसिनेट आणि इमिडाझोलिनोन अशा तिन्ही गटांना दाद न देणारी झाडे नोंदली गेली आहेत, आणि ती शेताशेतांतल्या परागांच्या देवघेवीतूनच तयार झाली.

चौथा प्रकार दूरच्या संकराचा. शेतात किंवा जवळ ब्रासिका रापा असेल तर त्याचा आणि नेपसचा संकर २९ गुणसूत्रांचा होतो. तो पूर्ण वांझ नसतो. शेंगा धरतात पण शेंगेत दाणे थोडेच आणि बाकी जागा चिमटलेली. रानमोहरीला मात्र संकर समजू नका. ती वेगळी जात आहे आणि ओळखणे सोपे: कॅनोलाची वरची पाने देठाविना खोडाला कवेत घेतात आणि त्यांच्यावर निळसर मेणचट झाक असते, रानमोहरीची पाने खोडाला असे कवटाळत नाहीत आणि खालचे खोड केसाळ असते.

अशा झाडांनी उत्पन्न किती जाते? १ टक्क्याच्या आत असतील तर जवळजवळ काही नाही, कारण शेजारची झाडे फांद्या टाकून जागा भरून काढतात. त्रास होतो तो मळणीत. हिरवी, रसाळ खोडे यंत्रात जातात, त्यांचे ओले तुकडे दाण्यात मिसळतात आणि साठ्यात तेवढ्याच जागी गरम ठिपके तयार होतात. चाळण आणि पंख्याचा वारा नीट ठेवा आणि साठा आठवड्यातून दोनदा तपासा.

शेंगा नाहीत, पण झाड वांझ नाही

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. कॅनोलाच्या फुलांपैकी निम्म्याच्या आसपास फुलांची शेंग कधी होतच नाही. अन्न कमी पडले की झाड ती स्वतःच गाळते. म्हणून मुख्य फांदीवर थोडे रिकामे देठ दिसणे हा आजार नव्हे.

फुलोऱ्यात काही दिवस तापमान ३० अंशांच्या आसपास किंवा वर राहिले, तर त्या दिवसांत उमललेली फुले गळतात. खूण अशी की रिकामा पट्टा सगळ्या झाडांवर साधारण एकाच उंचीवर येतो. खाली शेंगा, मध्ये मोकळे देठ, वर पुन्हा शेंगा. अर्धगुणित झाड शेजाऱ्याहून वेगळे दिसते. उष्णतेत सगळे शेजारी सारखेच दिसतात. ग्लायफोसेट सहनशील वाणावर ग्लायफोसेट उशिरा, कळ्या दिसू लागल्यावर फवारले तर परागकोश मार खातात आणि सुरुवातीची फुले गळतात. चित्र उष्णतेसारखेच, पण ते बूमच्या रेषांत आखलेले असते. म्हणून फवारणीची तारीख आणि पानांची संख्या यांची नोंद काढा.

गंधकाची कमतरता असेल तर वरची, नवी पाने वाटीसारखी आत वळतात, कडा जांभळट होतात, फुले फिकट, जवळजवळ पांढरी दिसतात आणि शेंगा आखूड व दाण्यांविना राहतात. गंधक जुन्या पानांतून नव्यांकडे फारसे जात नाही, म्हणून लक्षण वरच्या पानांत आधी येते. नत्राच्या कमतरतेत याच्या उलट, खालची पाने आधी पिवळी. वाळूसर, सेंद्रिय अंश कमी असलेल्या उंचवट्यांवर हे जास्त. तपासणीसाठी पाने देताना चांगल्या आणि वाईट जागेचे नमुने वेगवेगळे द्या, दोन्हीकडे एकाच वयाचे पान. एकट्या वाईट नमुन्याचा आकडा तुलनेशिवाय फारसे काही सांगत नाही.

किडींचेही पाहा. शेंगेवर बारीक गोल छिद्र असेल तर आतल्या अळीने बाहेर पडताना पाडलेले आहे. शेंगभुंग्याची एक अळी साधारण पाच दाणे खाते. लायगस ढेकण्या रस शोषतात आणि दाणे आत बसतात. कळी न उमलता बाटलीसारखी फुगलेली असेल तर ती उभी चिरा. आत पांढुरक्या अळ्या दिसल्या तर फुलमाशी. या बंद, फुगीर कळ्यांना बरेच जण फायटोप्लाझ्मा समजतात.

फुगे

खऱ्या फायटोप्लाझ्मा रोगात शेंगेऐवजी निळसर हिरव्या, चपट्या, पोकळ पिशव्या येतात, फुलांच्या पाकळ्या हिरव्या आणि पानांसारख्या होतात, खोड पुढे जांभळट. अनेकदा अर्धेच झाड असे असते आणि बाकीच्या फांद्या नीट शेंगा धरतात. तुडतुडे हा रोग पसरवतात. उत्तर अमेरिकेत ते दक्षिणेकडून वाऱ्याबरोबर येतात आणि ज्या वर्षी ते लवकर व संसर्ग घेऊन येतात त्या वर्षी उद्रेक होतो. पश्चिम कॅनडात २०१२ हे असे वर्ष होते. अर्धगुणित झाडापासून वेगळे करणारी खूण: अर्धगुणितात फुगा नसतो, फक्त रिकामा देठ असतो. पक्के उत्तर पीसीआर चाचणीतून मिळते. लक्षणे दिसू लागल्यावर कीटकनाशक फवारून उपयोग नाही. संसर्ग आधीच झालेला असतो.

मोहरीवर्गातल्या पांढऱ्या तांबेऱ्यामुळेही फुलोऱ्याचे टोक जाड, वळलेले, शिंगासारखे होते. ते मुख्यतः ब्रासिका रापा आणि ब्रासिका जुन्सिया (आपली मोहरी) यांच्यावर, नेपसवर क्वचित. फोडांतून पांढरी पूड निघते, त्यामुळे गोंधळ व्हायचे कारण नाही. चपटे, पट्ट्यासारखे रुंद झालेले खोड तर फक्त पाहण्यापुरते विचित्र असते. वाढीच्या टोकाला इजा झाल्याने होते, सोडून द्या.

अकाली पांढरी पडलेली झाडे विचारलेली नाहीत, पण एक वाक्य तरी हवे: ती उपटा. मुळावर गाठी असतील तर क्लबरूट. बुडाशी खोड आडवे कापल्यावर आत काळे डाग असतील तर ब्लॅकलेग. खोड चिरफळून आत काळे कठीण गोळे निघाले तर स्क्लेरोटिनिया. साल सोलल्यावर मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके असतील तर व्हर्टिसिलियम. यातले क्लबरूट निघाले तर बुटांची माती धुतल्याशिवाय दुसऱ्या शेतात जाऊ नका.

उगवणच कमी झाली असेल तर

बियाण्याच्या दर्जाची खरी तक्रार बहुधा फुलोऱ्यात नसते, उगवणीत असते. आणि तिथेही बियाणे शेवटचा आरोपी असावा. एकाही रोपाशिवाय मोकळी असलेली ओळ चाकूने उकरा. बी सापडलेच नाही तर यंत्राने टाकलेच नव्हते. कोरडे, कडक बी सापडले तर ओलावा पोचला नाही. अंकुर आला पण वळून, गुंडाळी होऊन थांबला तर खोल पेरले किंवा वर कडक पापुद्रा धरला. कॅनोलाचे बी १.२ ते २.५ सेंटिमीटर खोल हवे, त्यापलीकडे गेले की त्याची छोटीशी शिदोरी संपते. मुळाचे टोक करपलेले असेल तर ओळीत बियाण्यासोबत टाकलेला युरिया किंवा अमोनियम सल्फेट. बी मऊ, दाबल्यावर लगद्यासारखे झाले तरच ते मेलेले असण्याचा संशय घ्या.

त्याआधी पेरणीचा हिशोब तपासा. हेक्टरी किलो = दर चौरस मीटरला हवी असलेली झाडे × हजार दाण्यांचे वजन ग्रॅममध्ये ÷ अपेक्षित शेतातील उगवण टक्के. ७० झाडे, हजार दाण्यांचे वजन ५ ग्रॅम, शेतातील उगवण ६० टक्के धरली तर ७० × ५ ÷ ६० = ५.८ किलो. हजार दाण्यांचे वजन ३ ते ६ ग्रॅमपर्यंत बदलते, म्हणून दर वर्षी तेवढेच किलो पेरणारा मोठ्या दाण्याच्या लॉटमध्ये आपोआप विरळ पेरतो आणि मग उगवणीला दोष देतो. प्रयोगशाळेतली ९० टक्के उगवण शेतात ५०-६० टक्के होणे यात अनपेक्षित काही नाही.

उगवणशक्तीची अधिकृत चाचणी ४०० बियांची, ओल्या कागदावर, २० अंशांना किंवा २० आणि ३० अंशांच्या आलटून पालटून तापमानात. पहिली मोजणी पाचव्या आणि शेवटची सातव्या दिवशी. अहवाल आला की फक्त ‘सामान्य रोपे’ हा आकडा पाहू नका, ‘असामान्य’ किती आणि ‘मेलेले’ किती तेही पाहा. असामान्य जास्त असतील, मुळे आखूड आणि बुंधे जाड असतील, तर बीजप्रक्रियेच्या औषधाचा जास्त डोस किंवा मळणीत बसलेला मार. पण ही चाचणी आदर्श परिस्थितीत होते, म्हणून थंड जमिनीत काय होईल हे ती सांगत नाही. त्यासाठी जोम चाचणी मागा. कॅनोला गटात नियंत्रित झीज चाचणी प्रमाण मानली जाते: बियांचा ओलावा २० टक्क्यांवर नेऊन ४५ अंशांना २४ तास ठेवायचे आणि मग उगवून पाहायचे. चांगला लॉट या छळातून जवळपास तसाच बाहेर येतो, थकलेला कोसळतो. मागच्या हंगामातून उरलेल्या, औषध लावलेल्या बियाण्याची ही चाचणी केल्याशिवाय ते पेरू नका.

हिरवे दाणे आणि मळणीनंतरचा दर्जा

दाणा कच्चा असताना हिरवा असतोच. पक्व होताना त्यातले विकर हरितद्रव्य मोडतात, आणि या कामाला दाण्यात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो. दाणा त्याआधीच झपाट्याने सुकला, मग ते कडक उन्हात लवकर कापून टाकल्यामुळे असो वा गोठवणाऱ्या रात्रीमुळे, विकर थांबतात आणि हिरवेपण कायमचे अडकते. कापून ओळीत टाकायचे असेल तर मुख्य फांदीवरच्या दाण्यांपैकी ६० टक्के दाण्यांचा रंग बदललेला असावा. थोडासा तपकिरी ठिपका आला तरी तो दाणा बदललेला धरतात. झाडांची दाटी कमी असेल तर फांद्या जास्त आणि पक्वता विस्कळीत, म्हणून अशा शेतात मुख्य फांदी पाहून निर्णय घेऊ नका. उगवणीचा दोष आणि हिरव्या दाण्याची तक्रार अनेकदा अशी एकमेकांना जोडलेली असते.

मोजायचे कसे? शंभर भोकांच्या पट्टीत दाणे भरा, चिकटपट्टीवर उचला, पांढऱ्या कागदावर रोलरने चिरडा. असे पाच वेळा, म्हणजे ५०० दाणे. गडद हिरवेच मोजा; फिकट हिरवट सोडा. कॅनडाच्या प्रतवारीत गडद हिरव्या दाण्यांची मर्यादा पहिल्या प्रतीला २ टक्के, दुसऱ्या प्रतीला ६ आणि तिसऱ्या प्रतीला २० टक्के आहे. तापून करपलेल्या दाण्यांना याहून कडक: अनुक्रमे ०.१, ०.५ आणि २ टक्के. चिरडल्यावर आतला गर पिवळा असावा; तपकिरी किंवा काळा निघाला आणि धुरकट वास आला तर साठ्यात तापला. साठ्यात ठेवल्याने हिरवेपण जाईल या आशेवर थांबू नका, तिथे ते फारसे कमी होत नाही. उलट मळणीनंतर सहा आठवडे कॅनोला श्वास घेत राहतो. ८ टक्के ओलावा आणि १५ अंशांखाली तापमान असेल तरच तो निर्धास्त.

पोचट दाण्यांबाबत एक फसवी गोष्ट: रोगाने सुरकुतलेला हलका दाणा पंख्याच्या वाऱ्याने यंत्रामागेच उडून जातो. नमुना देखणा, उत्पन्न मात्र कमी. दाण्याचा दर्जा तपासताना यंत्रामागचा भुसाही पाहा.

तेलाच्या दर्जाविषयी तक्रार आली तर दोन आकड्यांचा स्वभाव वेगळा आहे हे ध्यानात ठेवा. कॅनोला म्हणायला तेलात इरुसिक आम्ल (एक नको असलेले मेदाम्ल) २ टक्क्यांखाली आणि तेल काढलेल्या पेंडीत ग्लुकोसिनोलेट (मोहरीला तिखटपणा देणारे गंधकयुक्त द्रव्य) ग्रॅमला ३० मायक्रोमोलखाली हवे. इरुसिक आम्ल दाण्यातल्या गर्भाच्या जनुकांवर ठरते, म्हणून बाहेरचा पराग पडला तर त्याच वर्षीच्या दाण्यात वाढते. ग्लुकोसिनोलेट मातृझाडावर ठरते. परागाने त्या वर्षी काही होत नाही. पण जमिनीत गंधक मुबलक असेल किंवा दाणे भरताना पाणी तुटले, तर शुद्ध वाणातही तो आकडा चढतो. म्हणजे इरुसिक वाढले तर भेसळ किंवा परागाचा माग काढा. फक्त ग्लुकोसिनोलेट वाढले असेल तर आधी माती आणि पाऊस पाहा.

पुरावा कसा जपायचा

पिशव्यांवरचे टॅग, लॉट क्रमांक, बीजप्रक्रियेचे नाव आणि खरेदीची पावती जपा. प्रत्येक लॉटचे किमान अर्धा किलो बियाणे पेरणीच्या दिवशीच बाजूला काढून, सीलबंद, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. उरलेली उघडी पिशवी नंतर पुरावा म्हणून चालत नाही, तिच्यात कुणीही काहीही घालू शकते असा आक्षेप येतो. दोन्ही पक्षांसमोर नमुना काढून त्याचे तीन भाग करणे उत्तम.

झाडांचे नमुने संशयित आणि निरोगी असे जोडीनेच घ्या, मुळासकट. ओली झाडे बंद प्लास्टिकमध्ये कोंडू नका, सडून येतील. कोरड्या कागदात गुंडाळा. डीएनए तपासणीसाठी कोवळी पाने कागदी पाकिटात सिलिका जेलसोबत ठेवा. फोटो चार अंतरांवरून: सगळे शेत, तो पट्टा, पूर्ण झाड, उघडलेले फूल, प्रत्येकात मोजपट्टी. आणि हे सगळे फुलोरा चालू असतानाच करा, कारण शेंगा पिकल्यानंतर नरवंध्य आणि अर्धगुणित झाडांतला फरक सांगणारे परागकोश उरलेलेच नसतात.